दाढेचा ठणका थांबला म्हणजे काम झालं? या चुका टाळा

दसऱ्याच्या चार दिवस आधी धारूरकडची एक ताई गाल धरून दवाखान्यात आली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. "डॉक्टर, लई ठणकायलीय, काढूनच टाका," एवढंच म्हणाली. खालची पहिली दाढ, मधोमध किडलेली, पण मुळं धड. मी म्हटलं, काढायची नाही, रूट कॅनल करू. नस काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली. ती समाधानाने गेली. आठ दिवसांनी ती उसाच्या फडात होती. गुढीपाडव्यानंतर आली तेव्हा दाढ उभी चिरलेली, हिरडीवर पुवाची पुळी. काढण्यावाचून इलाज उरला नव्हता.

ही चूक मी तिच्या पदरात टाकत नाही. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली नवरा-बायकोची जोडी दसरा-दिवाळीला गाव सोडते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतते, हे बीड जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी तारीख दिली, "तेव्हा तुम्ही गावात असाल का?" हे विचारलं नाही.

अर्धवट सोडलेलं रूट कॅनल

नस काढली की दुखणं थांबतं, कारण दुखणं कळवणारंच कुणी उरत नाही. जंतू मात्र मुळांच्या बारीक नळ्यांत असतात. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, मुळाच्या टोकाशी पू धरतो आणि आजूबाजूचं हाड विरघळत जातं. हे बहुतेक वेळा न दुखता होतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. दुसरं म्हणजे, पोखरलेली दाढ भाजलेल्या हरभऱ्यानेही चिरते. मागच्या दाढेला रूट कॅनलनंतर बहुतेक वेळा कॅप लागते ती यासाठी. बिल वाढवायला नव्हे. कॅपचा खर्च झेपणार नसेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. आम्हीही तो आकडा पहिल्याच दिवशी सांगायला हवा. अर्ध्यावर सांगितलेला खर्च हे माणसं परत न येण्याचं मोठं कारण आहे.

आता मी आधी विचारतो. महिनाभर गावात असाल तर नीट दोन-तीन बैठकांत करू. चारच दिवस असतील आणि दाढेची अवस्था तशी असेल तर एकाच बैठकीत संपवू. दोन्ही जमणार नसेल, तर दाढ काढणं हाही रास्त उपचार आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त पुढचं कळलेलं असावं: खालची दाढ गेली की शेजारच्या दाढा मोकळ्या जागेत कलतात, वरची हळूहळू खाली उतरते. ती जागा कवळीने, ब्रिजने (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) की इम्प्लांटने (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा दात) भरायची, ते आल्यावर ठरवता येतं.

गोळीवर दिवस काढणं

मेडिकलवरून एक अँटिबायोटिक आणि एक दुखण्याची गोळी, हा आपल्याकडचा पहिला उपचार. नस सुजून ठणकत असेल तर अँटिबायोटिकने ती बरी होत नाही. ती नस काढावी लागते किंवा दात. चिठ्ठीवर सवयीने अँटिबायोटिक लिहिणारे आम्ही डॉक्टरही यात वाटेकरी आहोत. ताप आला, सूज पसरली, तर ते औषध लागतं. पण पुवाला वाट करून दिल्याशिवाय तेही पुरत नाही. सुजलेल्या गालाला शेक देऊ नका. हिरडीवर गोळी चुरून दाबू नका, तिथली कातडी भाजून पांढरी पडते. आणि जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठा.

मशेरीने दात घासणं

सकाळी चुलीपाशी बसून, तव्यावर भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन अर्धा-अर्धा तास हिरड्यांवर फिरवणाऱ्या मावश्या मी रोज पाहतो. "मशेरी लावली की दाढ दुखत नाही," असं त्या म्हणतात. खरंच काही वेळ बरं वाटतं. पण तेवढ्यात कीड खोल जाते, हिरडी मुळापासून सरकते आणि जिथे रोज मशेरी बसते तिथे पांढरा चट्टा उमटतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दाखवायलाच हवा, दुखत नसला तरी. सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांनी आपली तीन बोटं उभी तोंडात घालून पाहावीत. जात नसतील, साधा ठेचाही झोंबत असेल, तर सुपारी आजच बंद करा आणि तपासून घ्या. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. सुपारी मात्र प्रत्येक टपरीवर लटकलेली असते.

पिवळे-तपकिरी डाग खरवडणं

किनवटकडून आलेल्या तरुणाच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले की मी विचारतो, "लहानपणी पाणी कुठलं प्यायलात?" बहुतेकदा उत्तर येतं, बोअरचं. दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की हे डाग दाताच्या आवरणातच मुरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. राख, मीठ, लिंबू घासून डाग जात नाहीत, उलट आवरण झिजतं. पाणी उकळूनही फ्लोराइड कमी होत नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. ग्रामपंचायतीकडे बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा आग्रह धरा. असे डाग कीड समजून दात कोरणारे डॉक्टरही आहेत. दात टणक असेल तर कोरू देऊ नका.

काही समजुती लवकर सोडवतो. दात साफ केल्याने हलत नाहीत; ज्या किटणाने हाड झिजवलं तेच निघाल्यावर आधीचं हलणं जाणवतं. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. साखर वाढलेली असेल तर हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही, म्हणून शुगरचा रिपोर्ट सोबत आणा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. आणि सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, जी दाढ येते ती कायमची असते. "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून ती किडू देणारे आईबाप मला आठवड्याला भेटतात.

पैशाचं कुणी तोंडाने बोलत नाही, "नंतर येतो" म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो. लातूर, नांदेड, परभणीच्या दंत महाविद्यालयांतही शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो एवढंच.

आणि ऊसतोडीला निघण्याआधी काम अर्धवट राहिलंच, तर डॉक्टरकडून एक्स-रे मागून घ्या. सोबत एका कागदावर लिहून घ्या: कोणती दाढ, किती नळ्या साफ झाल्या, आत कोणतं औषध ठेवलंय. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवा. कोप्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्या, जिथे पडतील त्या तालुक्याच्या गावातला डॉक्टर पुढचं काम तिथून सुरू करू शकतो.