पाणी मुरतंय कुठे? रात्रीत कळेल

गच्चीवरच्या टाकीपासून सुरुवात करा. रात्री सगळे नळ बंद झाले, की टाकीत पाणी जिथवर आहे तिथे आतून पेन्सिलने खूण करा. टाकीत येणारं पाणी बंद हवं आणि रात्री फ्लश वापरायचा नाही (घरच्यांना आधी बजावून ठेवा!). सकाळी खुणेपासून पाणी उतरलं असेल, तर कुठेतरी गळतंय. १ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १ सेंमी म्हणजे जवळपास ८ लिटर.

पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या, तिथली गळती अगदी गुपचूप असते. टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबरी वॉशर गेलंय. हळद नको, ती विरघळत नाही आणि डाग पाडते.

मीटर बघायचा तो पाणी आल्यावरच. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला तास-दोन तासच पाणी असतं, एरवी काटा हलणारच नाही. सगळे कॉक बंद असूनही तो फिरत असेल, तर मीटरनंतरची लाइन फुटलीय. नळाचं पाणी बंद झालं, की अशा लाइनमध्ये बाहेरची घाणही शिरू शकते, तेव्हा सुरुवातीला गढूळ पाणी येत असेल तर हे आधी तपासा.

भिंतीवरची ओल एप्रिल-मे महिन्यातही सुकली नाही, तर पावसाला दोष देऊ नका. प्लंबरला बोलवा.