चीज हर्ब स्कोन्स दगड का होतात? या चुका टाळा

पहिल्यांदा स्कोन्स, म्हणजे चहाबरोबर खायचे ते यीस्टशिवाय फुगवलेले छोटे जाड पाव, केले तेव्हा मी कणीक मळतात तसं ते पीठ मस्त मळलं, वर तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून पण ठेवलं, आणि ओटीजीतून, म्हणजे आपल्या घरगुती छोट्या ओव्हनमधून, जे बाहेर आलं ते बघून सासरे म्हणाले, "हे वरवंट्याऐवजी चालेल." खरं सांगायचं तर आपला हातच आडवा येतो. लहानपणापासून पोळीसाठी तिंबायची सवय, आणि स्कोनला नेमकं ते चालत नाही. जितका आळस कराल तितका स्कोन चांगला, असा पदार्थ आपल्याकडे सापडणं कठीण.

आधी प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. 250 ग्रॅम मैदा, 3 छोटे चमचे बेकिंग पावडर, 60 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम किसलेलं चीज, मूठभर चिरलेली हर्ब्ज (म्हणजे वासाची पानं), थोडी मिरपूड, चिमूटभर मोहरी पावडर आणि अंदाजे 120 ते 130 मिली थंड दूध. यात सात-आठ स्कोन होतात.

बटर मऊ करून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती का होते तेही मला माहितीये. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, केकला बटर बाहेर काढून मऊ करतो, मग इथेही तेच करतो. पण स्कोनमध्ये बटरचे वाटाण्याएवढे नाहीतर जरा बारीक तुकडे पिठात तसेच राहायला हवेत, कारण बटरमध्ये साधारण 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं, गरम ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ वर ढकलते, म्हणजे खारीला पापुद्रे सुटतात ना, थोडंफार तसंच. बटर आधीच वितळलं तर ते मैद्यात मुरून जातं आणि हाताला येतं ते नानकटाईसारखं खुसखुशीत काहीतरी, चवीला वाईट नाही पण स्कोन नाही.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी हे करायचं डोक्यातूनच काढून टाका. सकाळी सातला करा. बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मोठ्या किसणीवर थेट मैद्यात किसायचं आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचं, तळहात लावायचा नाही कारण तळहात गरम असतो. मध्येच चिकट वाटायला लागलं तर सरळ परात उचलून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ढकलायची.

मळणं, आणि दुधाचा हात सैल सोडणं

दूध घातल्यावर सुरीने किंवा उलथन्याने फक्त एकत्र करायचं. गोळा खडबडीत, जरा गचाळ दिसला पाहिजे, तो गुळगुळीत झाला की समजायचं ग्लुटेन, म्हणजे मैद्याला ताण देणारं प्रथिन, तयार झालं आणि आता स्कोन चिवट होणार. मग ओट्यावर काढून हाताने थापायचं, दुमडायचं, परत थापायचं, असं दोन-तीनदा. चिरोट्याला घड्या घालतो तसं समजा, फक्त साटा नाही आणि लाटणंही नाही. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरून बसतो त्यामुळे दूध एकदम ओतू नका, 100 मिली घालून बघा, मग चमच्या-चमच्याने वाढवा.

जाडी. सगळे पातळ करतात! अडीच सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या साधारण एका पेराएवढं, त्यापेक्षा पातळ थापलं तर तो फुगून फुगून किती फुगणार.

वाटीने कापणं

वाटीची कड बोथट असते, ती कापत नाही, दाबते, आणि दाबलेली कड चिकटून बसल्यामुळे स्कोन वर येत नाही किंवा एका बाजूला कलंडतो. कटर असेल तर पिठात बुडवून सरळ खाली आणि सरळ वर, फिरवायचा नाही. नसेल तर धारदार सुरीने चौकोनी कापा, म्हणजे उरलेले तुकडे परत गोळा करायची भानगड पण नाही. वरून दूध किंवा अंडं लावताना ते बाजूने ओघळू देऊ नका, तेही कडा चिकटवतं.

बेकिंग पावडर कधीची आहे?

मागच्या दिवाळीचा डबा असेल तर आधी तपासा, अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर नवीन आणा. आणि पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा घालू नका, आंबट काही नसेल तर साबणासारखी चव येते. सोडाच वापरायचा असेल तर दुधाऐवजी आंबट ताक घ्या, सोडा पाव चमचा, आणि पावडर दोन चमचेच.

आता चीज. क्यूब चालतात, 25 ग्रॅमचे चार घेतले की झालं, पण प्रोसेस्ड चीज मुळातच खारट, त्यात आपलं नेहमीचं बटरही खारट, म्हणून वेगळं मीठ अजिबात नको. माझ्या एका मैत्रिणीने वर ओरिगॅनोचं सीझनिंगही घातलं, त्यात पुन्हा मीठ, मग काय, चहाबरोबर खायचं सोडून पाणीच पीत बसलो. चेडर मिळालं तर चव जास्त खुलते. मोझरेला नको, तो बेचव आणि गार झाला की रबर.

हर्ब्जसाठी महागड्या छोट्या डब्या आणायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मंडईतून शेपू आणा. घरात शेपूच्या भाजीला नाकं मुरडणारे लोकही चीजबरोबर शेपू मुकाट्याने खातात, मी बघितलंय. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चाईव्हजचं (बारीक परदेशी पातीचं) काम करतो. थाईम नसेल तर पाव चमचा ओवा चुरडून घाला, दोन्हीत थायमॉल हेच वासाचं द्रव्य असतं. कोथिंबिरीचा वास मात्र ओव्हनमध्ये उडून जातो. काहीही घ्या, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडं करा, नाहीतर पानांचं पाणी पिठात उतरतं. वाळलेली हर्ब्ज असतील तर ताज्याच्या एक तृतीयांश.

खालून करपलं, वरून पांढरंच

ओटीजीची तक्रार नेहमी हीच. ट्रे मधल्या खाचेत ठेवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, 210 अंशावर निदान 15 मिनिटं आधी तापवा. दिवा गेला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं, बऱ्याच ओटीजींचा काटा आणि आतलं तापमान यांचं पटत नाही, एक साधा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला की कळतं. काळा ट्रे तळ लवकर करपवतो, बटर पेपर घाला. स्कोन एकमेकांजवळ ठेवा म्हणजे ते बाजूला न पसरता वर येतात. 12 ते 15 मिनिटं, मध्ये दार उघडून बघायचा मोह आवरायचा.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं जाळीवर ठेवा, लगेच फोडलात तर आत गिचका लागतो आणि कच्चाच राहिला असं वाटतं. गरम असताना स्टीलच्या डब्यात भरू नका, घाम येऊन मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी ते तसेही उतरतात, त्यामुळे जास्त केले असतील तर कच्चेच कापून फ्रीझरमध्ये टाका आणि हवे तेव्हा थेट भाजा, तीन-चार मिनिटं जास्त लागतात.

ओव्हनच नसेल तर? स्कॉटलंडमध्ये पूर्वी हे लोखंडी तव्यावरच भाजायचे. अर्ध्या इंचाची जाड भाकरी थापा, चार त्रिकोण कापा, मंद आचेवर जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं. चीज मात्र बारीक किसून पिठात नीट मिसळा, तुकडा बाहेर राहिला की तव्याला चिकटतो आणि मग तवा घासायला कोणी पुढे येत नाही.