चिऱ्याच्या भिंतीवरची चित्रं का सोलली

वाडीतल्या पारामागे पडीक जागा होती, तिथे आम्ही सोनचाफा, अळू, कोकम लावलं, बसायला कट्टे केले आणि भिंतीवर पिंगुळी गावच्या चित्रकथीसारखं (चित्रं दाखवत कथा सांगायची तिथली लोककला) रामायण रंगवलं. पहिल्याच पावसात ऑइलपेंटचे पापुद्रे निघाले, रावणाचं एक डोकं चक्क अळवात पडलेलं!

चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, पाणी पितो, आणि ऑइलपेंट ते बाहेर सोडत नाही, एवढंच कारण. मग मे महिन्यात सगळं खरवडलं, चुन्याचा गिलावा केला, तो ओला असतानाच गेरू नि काजळीने चित्रं काढली, वर कौलांची वळचण, भिंतीच्या पायाशी चर, आणि अळू तिथून हलवलं (ते आधीच सुचायला हवं होतं). यंदा रंग टिकलाय, खाली हातभर शेवाळ आलंय, पण काकी म्हणतात, ऱ्हवांदे, बरा दिसता.