रत्नागिरीहून गुलमर्गला स्की शिकायला निघताना

आधी तारखा बघा. गुलमर्गात बर्फाचे त्यातल्या त्यात भरवशाचे दिवस म्हणजे जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे कलमांना मोहोर. फवारणी कोण बघणार ते ठरल्याशिवाय तिकिटं काढू नका. शिवाय २०२४चा जानेवारी तिथे जवळजवळ कोरडा गेला, तर २०२५मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. तेव्हा खोली घ्यायची ती रद्द करता येईल अशीच.

ट्रंकेतले डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर भरले की तयारी झाली, असं आपल्याकडे समजतात. खरा त्रास ओलीचा. धडपडत शिकताना बर्फ बाहीत, कॉलरीत शिरून वितळतो, आणि आतला सुती गंजीफ्रॉक घामाने भिजला की वाळायचं नाव घेत नाही. म्हणून अंगालगत सुती काहीच नको. थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. हातमोजेही वॉटरप्रूफच, लोकरीचे बघता बघता चिंब होतात.

स्की, काठ्या, बूट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊन पैसे घालवू नका. बूट मात्र निवांत निवडा. मोजा एकच, पोटरीपर्यंत येणारा. दोन चढवले की आत वळी पडते आणि दुपारपर्यंत नडगी सोलवटते. बकलं आवळून गुडघे पुढे वाकवून बघा: टाच उचलता कामा नये, बोटं मात्र हलली पाहिजेत. दुकानदार ‘चलेगा’ म्हणेलच, तरी दुसरा जोड मागा.

खोबरेलाची बाटली घरीच ठेवा, तिथे ते दगडासारखं गोठतं. ओठांना-गालांना व्हॅसलीन, वर सनस्क्रीन, आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल, कारण बर्फावरून उलटणारं ऊन डोळ्यांना फार लागतं. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात.

आता अंगाची तयारी. आपण समुद्रसपाटीवरचे, गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवट डोंगरावर ३९०० मीटरच्या वर. पहिल्याच दिवशी तिथवर जायची हौस नको; दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मांड्यांसाठी महिनाभर उठाबशा काढा आणि घाटीच्या पायऱ्या चढा-उतरा, त्यातही उतरण्यावर भर. शिकायचं खालच्या सौम्य उतारांवर, प्रशिक्षकाबरोबर. वरचे मोकळे उतार नवशिक्यांचे नव्हेत: फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गच्या हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर दगावला. गोंडोलाची तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा.

टंगमर्गपासून वरचे शेवटचे तेरा किलोमीटर बर्फ पडला की चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीनेच जावं लागतं. त्या गाडीचं भाडं आधी बोलून घ्या. परतताना विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरात मुक्काम करा, आणि बर्फाने उड्डाणं रखडतात म्हणून मुंबईहून रत्नागिरीची गाडी दुसऱ्या दिवशीची धरा.