जर्मनीत घर भाड्याने घेताय? विजेच्या या चुका टाळा

ठाण्यात भाड्याचं घर घेतलं की महावितरणशी आपला संबंध तेवढ्यापुरता असतो. मीटर घरमालकाच्या नावावर, आपण ग्राहक क्रमांक टाकून बिल भरायचं. ऐरोलीहून ऑनसाइट जाणारे आणि मास्टर्सला निघालेले हीच सवय घेऊन जर्मनीत उतरतात. तिथे स्वतंत्र घराच्या विजेचा करार सहसा भाडेकरूने स्वतःच्या नावावर करायचा असतो, आणि ‘करार करा’ म्हणून मागे कुणी लागत नाही. किल्ली मिळते, बटण दाबलं की दिवा लागतो. काम झालं असं वाटतं, पण ते झालेलं नसतं.

दिवा लागतोय, मग घाई कशाला?

करार केला नसला तरी त्या भागातली ठरलेली कंपनी, म्हणजे ग्रुंडफरझॉर्गर, तुम्हाला वीज देते. तुम्ही वीज वापरायला लागलात की तिच्याशी करार झाला, असं कायदा मानतो. दर मात्र बहुतेक वेळा बाजारातल्या इतर योजनांपेक्षा चढा. यातून बाहेर पडायला दोन आठवड्यांची नोटीस पुरते. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही, पण वर्षभर तसंच बसून राहण्यासारखंही नाही.

आधी गेलेला मावसभाऊ सांगेल, ‘अरे, सहा आठवडे असतात, मागच्या तारखेने नोंद होते.’ पूर्वी होत होती. ६ जून २०२५ पासून ती सोय बंद झाली. राहायला जायची तारीख ठरली की आधीच कंपनी निवडून अर्ज करा. अर्जात मीटर क्रमांक लागतो, शिवाय ‘मालो-आयडी’ हा त्या वीजजोडणीचा अकरा आकडी क्रमांकही विचारतात. दोन्ही घरमालकाकडून घेऊन ठेवा.

‘वार्ममीटे’त वीज धरणं

जाहिरातीत ‘वार्ममीटे’, म्हणजे हीटिंगसकट भाडं, असं लिहिलेलं असतं, आणि त्यात सगळं आलं असा समज होतो. त्यात साधारणपणे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई येते. तुमच्या घरातली वीज सहसा वेगळी. चारजणांत घर वाटून घेतलं असेल तर वीज बऱ्याचदा भाड्यातच असते, पण करारात वाचूनच खात्री करा.

मीटरचा फोटो न काढणं

किल्ली घेताना जो हस्तांतरणाचा कागद होतो, त्यावर मीटर क्रमांक आणि त्या दिवशीचं रीडिंग लिहून घ्या. फोटोत दोन्ही दिसले पाहिजेत. मीटर अनेकदा तळघरात, एका ओळीत सात-आठ. शेजाऱ्याच्या मीटरचा फोटो घेऊन वर येणारे कमी नाहीत. शंका असेल तर घरातले सगळे फ्यूज पाडा. तुमचा मीटर थांबेल. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, त्यातला १.८.० या खुणेचा आकडा तुमच्या वापराचा.

आपश्लागला बिल समजणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. दरमहा खात्यातून कापली जाणारी ठरावीक रक्कम, म्हणजे आपश्लाग, हे बिल नव्हे, तो आगाऊ हप्ता. खरा हिशेब वर्षातून एकदा होतो. वापर जास्त निघाला तर फरक एकरकमी भरायचा. वीजयोजनांच्या तुलनेच्या साइटवर स्वस्त दिसावं म्हणून वर्षाचा वापर कमी टाकला, तर हप्ता छोटा येतो आणि वर्षाअखेरीस दणका बसतो.

एकट्या माणसाला वर्षाला साधारण १५०० युनिट धरा. ३५ ते ४० सेंट युनिटने महिना पन्नास युरोच्या आत-बाहेर. पण बाथरूममध्ये भिंतीवर दुर्खलाउफअरहिट्सर, म्हणजे नळ सोडताच पाणी तापवणारा विजेचा हीटर, असेल तर हे गणित कोलमडतं. आपला गीझर २ किंवा ३ किलोवॅटचा, हा २१ किलोवॅटचा असू शकतो. पूर्ण ताकदीवर दहा मिनिटं चालला तर साडेतीन युनिट, म्हणजे सव्वा ते दीड युरोची एक अंघोळ. घर बघतानाच पाणी कशावर तापतं ते विचारा.

रंग बघून वायर जोडणं

ही चूक जिवावर बेतू शकते. बऱ्याच घरांत छताला दिवा नसतो, नुसत्या वायरी लोंबत असतात. दिवा आपणच आणायचा. आपल्याकडे काळी वायर न्यूट्रल, तिथे काळी किंवा तपकिरी म्हणजे फेज आणि निळी न्यूट्रल. हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या इमारतीत याचाही भरवसा नाही. फ्यूज पाडा, टेस्टरने तपासा, नाहीतर इलेक्ट्रिशियन बोलवा. शेगडीचं कनेक्शन तर ४०० व्होल्टचं असतं, तिथे हात घालूच नका.

मिक्सर मात्र खुशाल न्या, दाबूनदडपून बॅगेत बसवा. व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, दोन्हीकडे सारखंच. ओलं वाटण तिथल्या ब्लेंडरला जमत नाही. फक्त अडॅप्टर अर्थिंगवाला घ्या. रस्त्यावरचे दोनशे रुपयांचे ‘युनिव्हर्सल’ अनेकदा अर्थिंगशिवायच असतात. किटली, इस्त्री तिथेच घ्या.

टपालपेटीवर नाव नसणं

पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कराराचं पत्र, हिशेब, थकबाकीची आठवण यातलं बरंच कागदावर येतं. आठवणपत्र मिळालंच नाही, ही सबब सहसा चालत नाही. पहिल्या दिवशी कागदावर नाव लिहून चिकटवा, पाटी नंतर बनवा.

घर सोडताना कळवायला विसरणं

करार तुमच्या नावावर आहे, घर सोडलं म्हणून आपोआप संपत नाही. नंतर आलेल्याने वापरलेली वीजही तुमच्या हिशेबात येऊ शकते, आणि मागच्या तारखेने बंद करणं आता होत नाही. नोटिशीची मुदत करारात बघा, घर सोडायच्या दीड-दोन महिने आधी लेखी कळवा. किल्ली परत देताना पुन्हा रीडिंगचा फोटो. शेवटचा हिशेब यायला काही आठवडे लागतात, तेव्हा जर्मन बँकेतलं खातं तोवर बंद करू नका. पैसे परत येणार असतील तर तिथेच येतील.