जांबालाया: ओलं खोबरं न घालता कोळंबीचा भात

आमच्या मालवणात कोळंबीचा भात म्हटला की खोबरं आलंच. या भातात ते नाही, सोलं नाहीत आणि मालवणी मसालाही नाही. हात शिवशिवतो, पण मसाल्याचा डबा बंदच ठेवा. घातलात तर मालवणी पुलाव होईल. चांगला होईल, पण जांबालाया होणार नाही.

हा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन लोकांचा भात. 1755 पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललेले फ्रेंच भाषक लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात जाऊन वसले, त्यांचे हे वंशज. तिथल्याच न्यू ऑर्लिन्स शहराकडे यात टोमॅटो घालून भात लाल करतात. केजनांचा तपकिरी असतो आणि तो रंग भांड्याच्या बुडातून येतो. म्हणून बिडाची कढई घ्या. नॉनस्टिकमध्ये बुडाला काही धरतच नाही.

चौघांसाठी पाव किलो कोळंबी सोला, पण डोकी-सालं टाकू नका. ती पाच वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा नुसत्या कोंबडीचा करा, पाण्यात तिचीच हाडं उकळा.

चारशे ग्रॅम बोनलेस कोंबडीला मीठ-मिरी चोळा. कढईत तीन चमचे तेल चांगलं तापवून तुकडे सुटे सुटे टाका आणि हलवू नका. एक बाजू गडद तपकिरी झाली की उलटा. घाई इथेच नडते. तिकडे धुरावलेलं डुकराचं सॉसेज, आंदुई, घालतात. ते इथे कुठलं मिळायला! त्या धुराच्या वासासाठी भाजलेली कोंबडी पातेल्यात काढा, मध्ये वाटीत करवंटीचा लाल निखारा ठेवून त्यावर तेलाचा थेंब सोडा आणि दहा मिनिटं झाकण घाला. गोव्याचं सॉसेज वापरू नये असं माझं मत. त्याचा आंबटपणा सगळ्यावर चढतो.

त्याच कढईत दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची आणि सेलरीऐवजी अर्धी वाटी कोथिंबिरीचे देठ, सगळं बारीक चिरून. कांद्याला पाणी सुटलं की उलथन्याने बूड खरवडत राहा. कांदा पार तपकिरी झाला पाहिजे. मग सहा पाकळ्या लसूण, दोन तमालपत्रं, दीड चमचा बेडगीची पूड, अर्धा चमचा तिखट लवंगीची, चमचाभर मिरपूड. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोघांत थायमॉल, म्हणजे वास देणारं तेच द्रव्य, असतंच. चिमटीपेक्षा जास्त नको, नाहीतर पोटदुखीच्या काढ्याचा वास येईल.

दोन वाट्या जुना कोलम धुऊन निथळून घ्या. बासमती नको, तिचा वास मध्ये येतो. उकडा शिजेस्तोवर कोंबडीचा चोथा होईल. साडेतीन वाट्या कोळंबीचं पाणी कढईत ओतून उकळी आणा. चव घ्या: खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. मग तांदूळ आणि कोंबडी घाला, एकदाच ढवळा, झाकण लावून मंद आचेवर पंधरा मिनिटं. आता डाव घालायचा नाही, भाताचा लगदा होतो. पाणी आटत आलं की वर कोळंबी पसरा, पुन्हा झाकण, पाच मिनिटं. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहू दे, मग खालून एकदा उलटवा.

सासूबाईंनी ताट बघून विचारलं, "खोबऱ्याशिवाय कसलो भात तो?" पण खरवड त्यांनीच मागून घेतली. वरून कांद्याची पात आणि व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्या. सोलकढी मात्र वेगळ्या वाटीत, भातावर ओतू नका.