गोळीची गिरकी आणि तिची ऊर्जा : गणितातल्या या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. एवढ्याशा जागेत गोळी पुन्हा पुन्हा बसते ती नेमबाजाच्या कसबामुळे, आणि गोळीला नळीतच मिळालेल्या गिरकीमुळे. बारावीला ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ (फिरणाऱ्या वस्तूंचं गतिशास्त्र) शिकणाऱ्यांनी या गिरकीचं गणित जरूर करून पाहावं. फार सुंदर गणित आहे, आणि चुकतंही हमखास.

आकडे या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू (०.२२ इंची) गोळीचे घेऊ. वजन २.६ ग्रॅम, व्यास ५.७ मिमी, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ १६ इंचांत एक फेरा, म्हणजे ४०६ मिमीला एक. ३३० ला ०.४०६ ने भागलं की सेकंदाला सुमारे ८१२ फेरे येतात. मिनिटाला जवळजवळ ४८,७००.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच आहे. गिरकीच्या ऊर्जेच्या ½Iω² या सूत्रात (I म्हणजे जडत्व आघूर्ण, ω म्हणजे कोनीय वेग) ω रेडियन प्रति सेकंदमध्येच हवा. ८१२ ला २π ने गुणा : सुमारे ५,१००. गोळी भरीव दंडगोल मानून I = ½mr² धरलं, तर गिरकीची ऊर्जा येते ०.१४ ज्यूल. तुमचं उत्तर साडेबारा ज्यूल आलं असेल तर तुम्ही मिनिटाचे फेरे तसेच घातलेत. उत्तर ९१ पट फुगतं. ०.००३५ आलं असेल तर २π राहिला. उत्तर ३९ पटींनी आटतं. बरोबर चौपट आलं तर त्रिज्येऐवजी व्यास घातलाय, दुप्पट आलं तर ½mr² मधला अर्धा विसरलाय. कितीपट चुकलं ते आधी पाहा, म्हणजे पानभर आकडेमोड पुन्हा तपासावी लागत नाही. (खरी गोळी पुढे निमुळती असते, त्यामुळे तिचा I दंडगोलापेक्षा थोडा कमीच. गोलाचं ⅖ मात्र इथे लावू नका.)

आता पुढे जाण्याची ऊर्जा काढा : ½mv², सुमारे १४२ ज्यूल. म्हणजे गिरकीचा वाटा हजारात एक. बारूद वाढवला की हा वाटा वाढेल, असं पुष्कळांना वाटतं. वाढत नाही. नळीतून बाहेर पडताना फेरे वेगाच्याच प्रमाणात असतात, त्यामुळे भागाकारात वेग उडून जातो आणि उरतं ½(2πr/L)². इथे r गोळीची त्रिज्या, L एका फेऱ्याची लांबी. पडताळ्यासाठी याहून सोपं काही नाही.

‘गोळी ड्रिलसारखी भोक पाडत जाते’ हा समज इथेच संपतो. ४०६ मिलिमीटरला एक फेरा या हिशोबानं दहा सेंटीमीटर जाताना ती पाव फेरासुद्धा धड घेत नाही.

बर्फावर गोळी झाडल्यावर ती तिथेच गरगर फिरत राहिल्याचे व्हिडिओ पाहून गिरकीत प्रचंड ऊर्जा असणार, असं वाटतं. ०.१४ ज्यूलमध्ये शंभर ग्रॅमचं वजन जेमतेम १४ सेंटीमीटर उचललं जाईल. पुढचा वेग बर्फानं खाल्ला, गिरकी उरली. आणि भोवरा आरीवर फिरावा तशी गोळी टोकावर फिरते. घर्षण अक्षाच्या अगदी जवळ लागतं, म्हणून ते गिरकी लवकर थांबवू शकत नाही.

मग एवढीशी ऊर्जा कशासाठी? ऊर्जा मोजणं हीच इथली मोठी गफलत आहे, मोजायचा तो कोनीय संवेग, म्हणजे जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय वेग (Iω). लांबट गोळीवर हवेचा दाब वस्तुमानकेंद्राच्या पुढे लागतो आणि तिला उलथवू पाहतो. गिरकी नसेल तर ती कोलांट्या खाते. गिरकी असली की उलथण्याऐवजी तिचा अक्ष भोवऱ्यासारखा हळू डुलतो.

गिरकीनं गोळी खाली पडायची थांबते, असं मात्र नाही. ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो, तेवढ्यात ती बारा सेंटीमीटरच्या आसपास खाली येतेच. म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते.

पीळ किती हवा हे गोळीच्या वजनावरून ठरवणं ही आणखी एक चूक. आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिलनं १८७९ मध्ये दिलेला ढोबळ नियम लांबी पाहतो : १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. आपल्या गोळीची लांबी साडेअकरा मिमी धरली तर उत्तर ४२४ मिमी येतं. प्रत्यक्षातला पीळ ४०६. दीडशे वर्षांपूर्वीचं कागदावरचं गणित आजच्या नळीच्या इतकं जवळ जातं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

शेवटचं : ५० ला ०.४०६ ने भागून येणारं ‘५० मीटरमध्ये १२३ फेरे’ हे उत्तर थोडं कमी आहे. हवेत पुढचा वेग गिरकीपेक्षा लवकर घटतो, त्यामुळे लक्ष्याजवळ दर मीटरला पडणारे फेरे सुरुवातीपेक्षा जास्त असतात.